विंडोज टाकताना मशीन बंद पडलं? मदरबोर्डला हात लावू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जो तो जुन्या मशीनवर ११ टाकायच्या मागे आहे आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तीनदा येऊन गेला: "विंडोज टाकताना मशीन बंद पडलं की मदरबोर्ड गेला समजा. आधीचं विंडोज चालत होतं म्हणजे रॅम ठीक आहे. दोन-चार वेळा परत टाकून बघा, नाहीतर भंगारात द्या."

यातलं सगळ्यात घातक वाक्य मधलं. रॅमचा, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीचा, एखादा कोपरा खराब असला तरी रोजच्या वापरात खपून जातं. फोटोतला एक ठिपका बिघडला तर कोणाला कळतंय? इन्स्टॉल करताना मात्र काही जीबीची दाबून भरलेली फाइल रॅममध्ये येते, तिथे उलगडते, तपासली जाते आणि मग डिस्कवर उतरते. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी 'फाइल खराब आहे' म्हणून सगळं अडतं, नाहीतर थेट निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळलं.

शेजारच्या काकांचं मशीन असंच. पहिल्यांदा ३७ टक्क्यांवर अडकलं, मग ६२ वर, मग ११ वर. आकडा दर वेळी बदलतोय म्हटल्यावर माझा संशय रॅमवर गेला. एकाच आकड्यावर अडलं असतं तर आधी पेनड्राइव्ह आणि त्यावरची फाइल बघितली असती. आत रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे पट्ट्या. दोन्ही काढल्या, सोनेरी टोकं खोडरबरने पुसली, एकेक लावून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवला. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीने दहा मिनिटांत लाल ओळींची रांग लावली. (मेमटेस्ट८६+ फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतो. एक पूर्ण फेरी होऊ द्यावी, मी तर रात्रभर लावून झोपतो.)

स्टिक ३२०० वेगाची असेल तर आधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून बघा. काही वेळा रॅम धडधाकट असते, तो जादा वेगच तिला झेपत नाही.

'परत परत टाकून बघा' हा सल्ला तर उलटतो. खराब रॅमवर पाचव्या खेपेला विंडोज चढलंच, तर आत काय काय चुकीचं उतरलंय देव जाणे. शिवाय दर खेपेला पार्टिशनशी खेळ. काकांनी घाईत डी ड्राइव्हही फॉरमॅट केला होता. नातवाच्या बारशाचे फोटो त्यातच होते.

राहिला मदरबोर्ड. तो जातच नाही असं नाही. चांगली स्टिक एका स्लॉटमध्ये चालते आणि दुसऱ्यात अडते, तर संशय बोर्डावर घ्या. पण निळा पडदाही न येता मशीन धाडकन बंद होत असेल तर आधी उष्णता आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा. बायॉसच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे नुसतं बसून ८५-९० दाखवत असेल तर पंख्यावर धुळीची गोधडी असणार किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली.

काकांचं मशीन एकाच स्टिकवर चालू आहे, विंडोज पहिल्या फटक्यात चढलं. दुसरी स्टिक पाकिटात घालून ठेवली आहे, बिल सापडलं तर वॉरंटीत बदलून घेऊ.