झुलत्या खुर्चीच्या वयावरून आलेल्या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ११ ची वेळ देऊन तुम्हाला पाऊण तास बाहेर बसवलं, ती चूक आमचीच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की पणजोबांची १३० वर्षांची ऑस्ट्रियन खुर्ची आम्ही पन्नास-साठ वर्षांची ठरवली, न विचारता स्क्रू काढून ती खराब केली, आणि १४ हजार किंमत सांगून स्वतःच लाटायचा आमचा डाव होता. हे इथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचणार. जुन्या वस्तू तपासून त्यांचं वय आणि किंमत सांगायचं आमचं काम लोकांच्या विश्वासावर चालतं, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी स्क्रूचं, कारण तेच सगळ्यात जास्त लागलं. स्क्रू विचारूनच काढला. तुमच्या मिस्टरांनी स्वतः टॉर्च धरला होता. खुर्चीच्या उजव्या हाताखालचा एकच काढला आणि तोच त्याच भोकात परत बसवला. त्या खुर्चीला सहाही स्क्रू स्टारचे आहेत, म्हणजे डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले. या स्क्रूचं अमेरिकन पेटंट १९३६ सालचं आहे. १८९० च्या सुमाराच्या खुर्चीत ते मुळातले असूच शकत नाहीत. मात्र नुसता स्टार स्क्रू दिसला म्हणून खुर्ची नवी, असंही आम्ही म्हणत नाही. मधे कुणी दुरुस्ती करून जुने स्क्रू बदललेले असू शकतात. ते खात्रीने ओळखायला स्क्रू काढूनच बघावा लागतो.

बदललेला असेल तर भोक मोठं झालेलं असतं. आत काडी ठोकलेली किंवा भुसा आणि गोंद भरलेला सापडतो. आट्यांच्या दोन वेगवेगळ्या खुणा दिसतात. सागवानात लोखंड बरीच वर्षं राहिलं की भोवती निळसर काळा डाग धरतो, आणि जुन्या डोक्याचा तो गोल डाग नव्या डोक्याच्या कडेबाहेर डोकावतो. तुमच्या खुर्चीत यातलं काही नव्हतं. भोक घट्ट, आट्यांची खूण एकच, काळा डाग बरोबर त्याच डोक्याएवढा. म्हणजे हे स्क्रू खुर्ची बनली तेव्हापासूनचेच. मिस्टरांना हे तिथेच दाखवलं होतं. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं.

आता ऑस्ट्रियन असण्याबद्दल. ऑस्ट्रियातल्या मायकेल थोनेट या फर्निचरवाल्याच्या कारखान्यात अशी वळणदार झुलती खुर्ची १८६० च्या सुमारास बनायला लागली. त्यांच्याकडची लाकूड वाकवण्याची मक्तेदारी १८६९ ला संपली आणि जेकब अँड जोसेफ कोन यांच्यासारखे दुसरे कारखानेही तशाच खुर्च्या काढू लागले. हे काम युरोपातल्या बीच लाकडाचं. सरळ काठी वाफेवर मऊ करायची, बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी बांधायची म्हणजे ताणाने तंतू फाटत नाहीत, मग साच्यात अडकवून वाळवायची. म्हणून खऱ्या वाकवलेल्या खुर्चीत लाकडाची रेघ वळणाबरोबर वळते, अगदी शेवटच्या टोकापर्यंत.

तुमच्या खुर्चीचा डावा हात बघा. मनगट टेकतं त्याच्या पुढे, जिथे हात खाली वळतो, तिथे रेघा सरळच जातात आणि कडेला तुटतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाकडाची कापलेली तोंडं दिसतात, आणि पॉलिश तिथेच जास्त पिऊन काळपट झालंय. याचा अर्थ हा हात वाकवलेला नाही, रुंद फळीतून करवतीने कापून गोल केलाय. पाठीच्या कमानीत वरच्या बाजूला दोन तिरपे जोडही आहेत. आणि लाकूड सागवान आहे. बीचवर बारीक तपकिरी ठिपके असतात, ते इथे कुठेच नाहीत. काम मात्र चांगल्या सुताराचं आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. सोपं नाही ते.

लेबल शोधायला बैठकीच्या चौकटीची आतली कड पाहिली. कारखान्याची कागदी चिठ्ठी किंवा डागलेला शिक्का तिथे असतो. चिठ्ठी गळून पडली तरी तिच्या जागी पॉलिशचा रंग वेगळा राहतो. तसंही काही नव्हतं. पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं आहे, स्पिरिटच्या बोळ्याने चिकट झालं, पण त्यावरून वय ठरत नाही. चपडा आजही लावतात. केनची जाळी तयार शीटची, खाचेत पट्टी ठोकून बसवलेली. ती नंतर बदललेली असू शकते, म्हणून ती मी धरलीच नाही.

खुर्ची पणजोबांची नाही असं मी कधीच म्हणालो नाही. घरात आधी तशी खुर्ची असेल, ती मोडल्यावर तिच्यावरून सुताराकडून दुसरी करून घेतली असेल. आठवण खरी आणि खुर्ची नंतरची, असं होतं.

आता १४ हजार. ही आजच्या अवस्थेत विकायला काढली तर मिळेल ती किंमत आहे. तशीच नवी सागवानात करून घ्यायला याच्या दुप्पट पडतील, तो हिशेब वेगळा. तुम्ही मोबाईलवर ८५ हजारांची जी दाखवलीत ती बीचची होती, लेबल शाबूत होतं, आणि तरीही ती मागितलेली किंमत होती, विकली गेल्याची नव्हे. राहिला लाटण्याचा मुद्दा. जी वस्तू आम्ही तपासतो ती आम्ही विकत घेत नाही. तुमच्या ८०० रुपयांच्या पावतीवर खाली हे छापलेलं आहे. कृपया एकदा बघा.

मुलीकडे परदेशी पाठवायची म्हणून '१०० वर्षांहून जुनी' असं लिहून मागितलंत आणि मी दिलं नाही, त्याचाही राग दिसतो. ताई, १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांची मर्यादा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची तेवढी जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मी खोटं लिहिलं असतं तर तो कागद कस्टममध्ये तुमच्याच अंगाशी आला असता.

२० मिनिटांत उरकलं, ही तक्रार समजू शकतो. सगळं तोंडी सांगितलं, लिहून द्यायला हवं होतं. यापुढे तसं करायचा प्रयत्न राहील, वेळेचंही बघतोच आहोत.

एक मात्र आजच करा. उजव्या रॉकरला, म्हणजे ज्या वळणदार पट्टीवर खुर्ची झुलते तिला, मागचा पाय जिथे बसतो तिथे, बोटभर लांबीची चीर आहे. मी नख घालून दाखवली होती. झुलताना सगळा भार तिथेच येतो आणि एकदा ती आरपार गेली की खुर्ची मागे उलटते. तोवर कुणी, विशेषतः आजींनी, त्यात बसू नये. नुसता खिळा मारू नका, त्याने चीर वाढेल. आत गोंद सोडून दोन क्लॅम्पनी २४ तास आवळून ठेवायचं. कुठल्याही चांगल्या सुताराकडून करून घ्या, आमच्याकडेच आणा असं नाही. आणलीत तर त्याचे पैसे घेणार नाही.