खाज सुटते म्हणजे रक्त बिघडलं, हे खरं नाही

अंगाला सतत खाज येत असेल तर रक्त अशुद्ध झालंय, रक्तशुद्धीचं औषध घ्या, असा सल्ला मेसेजमधून फिरतो आहे. तो चुकीचा आहे. रक्त साफ ठेवण्याचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. ती बिघडली तर खाज सुटते खरी, पण तेव्हा तपासण्या आणि नेमके उपचार लागतात.

बहुतेकदा कारण साधंच असतं, कोरडी त्वचा. कढत पाणी आणि साबणाने त्वचेवरचा तेलकट थर निघून जातो, पोटऱ्यांवर पांढरट रेघा उमटतात. कोमट पाण्याने झटपट अंघोळ उरका आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आहे, घरात आणखी कुणी खाजवतंय? मग खरजेचा संशय घ्या. ती सूक्ष्म किड्यामुळे होते. खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, नाहीतर ती फिरून येते. किडे मेल्यावरही काही आठवडे खाज राहते, म्हणून घाबरून मलम पुन्हापुन्हा चोपडू नका.

आणि कृपा करून गजकर्णावर स्टिरॉइडचं मलम मनानेच लावू नका. लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते.

पुरळ नसताना 6 आठवड्यांहून जास्त खाज असेल, डोळे पिवळे दिसत असतील, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात तळहात-तळपाय खाजू लागले तर त्याच दिवशी.