नदीच्या अलीकडून

सोलापुरातील आमच्या शाळासोबत्यांच्या गटात गेल्या आठवड्यात एकाने ठणकावून लिहिले की अमेरिकेत गोळीबार होतात ते तेथे कुटुंबव्यवस्था उरली नाही म्हणून, आणि आपल्याकडे होत नाहीत ते संस्कार आहेत म्हणून. त्यावर पंचवीस जणांनी हात जोडले. मी गेली अठरा वर्षे कॅनडातील विंडसरला राहतो आणि नदीपलीकडे अमेरिकेतले डेट्रॉइट दिसते, तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार त्या पंचवीस जणांपेक्षा मला किंचित अधिक आहे, असे मी मानतो.

दोन्ही गावे मोटारींवर वाढली आणि कारखाने बंद पडल्याचे चटके दोघांनीही सोसले. डेट्रॉइटमध्ये त्यात काळ्या वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या कर्जांची भर पडली, हे खरे. पण कुटुंबे मोडण्यात इकडचे लोक मागे नाहीत. घटस्फोट, दारू, एकटी म्हातारी माणसे, सारे तेच. तरीही २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली, म्हणजे लाखामागे साडेचौदाहून थोडी अधिक. कॅनडात हा आकडा दोनच्या आसपास असतो. येथे बंदुकीच्या पहिल्या परवान्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, किमान २८ दिवस थांबावे लागते आणि अर्जाची वर्दी नवऱ्याला किंवा बायकोला दिली जाते. १९८९ साली माँट्रियालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली, त्यानंतर कायदा कडक होत गेला. संस्कारांची तपासणी कोणी करीत नाही.

टोरांटोत पकडली जाणारी बहुतेक पिस्तुले पलीकडून चोरून आलेली असतात, हे आम्ही मोठ्या समाधानाने सांगतो. (‘आम्ही’ म्हणजे कॅनडावाले, हा शब्द माझ्या तोंडी कधी बदलला, ते माझ्याही ध्यानात आले नाही.) मात्र कॅनडातील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि अमेरिकेतही तसेच, हे कोणी चारचौघांत काढत नाही. मीही गटात काढले नाही, कारण त्यापुढे काकांचा विषय निघाला असता.

काकांचे सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग होते आणि शेतीच्या राखणीसाठी घेतलेली परवान्याची बारा बोअर बंदूक घरात असे. एका निवडणुकीत नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि त्याच महिन्यात सूतवाल्यांची देणी थकून माग विकायला निघाले. काका रात्र रात्र माडीवर येरझाऱ्या घालीत. घरात रोज हरिपाठ होत होता. संस्कारांचे म्हणावे तर काही कमी नव्हते. निकाल लागल्यावर काकांनी बंदूक सोडवून आणण्यासाठी ठाण्याची पावती मागितली, तेव्हा काकूने ती हरवल्याचे सांगितले. पुढे वर्षभराने काकांनीच माझ्यापाशी कबूल केले की त्या रात्रींमध्ये ते दोनदा भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीपाशी जाऊन उभे राहिले होते. पावती ज्वारीच्या कणगीत होती. काकूने ती अजून जपून ठेवली आहे.