कॉलेजच्या गावाचा कायापालट कसा करावा

अभिनंदन. तुमच्या गावात कॉलेज आहे, कॉलेजात बाहेरगावची पोरं आहेत, पोरांच्या खिशात घरून आलेले थोडे पैसे आहेत आणि गावाच्या मधोमध एक जुनी पेठ अजून कशीबशी चालते आहे. ही परिस्थिती फार काळ टिकू देऊ नका. अनुभवाचे चार शब्द सांगतो. अनुभव ताजा आहे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या ए-फोर कागदाच्या 28 रिमा अजून घरी पंख्याखाली वाळताहेत.

गावाचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठचं आहे, एवढं पुरे. वाचताना तुम्हाला ते तुमचंच वाटलं तर मी काय करू?

सुरुवात सल्लागारापासून करा. तो पुण्याचा असावा. त्याने हायवेवरच्या एसी हॉटेलात एक रात्र काढावी आणि पेठेतून एकदाच चालत जावं, तेही सकाळी 7 वाजता, दुकानं उघडायच्या आत. मग तो डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करतो. त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या पेठेचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं. त्यात पाऊस पडून गेलेला असतो पण चिखल नसतो, झाडं असतात पण खाली एक पान नसतं, आणि फुटपाथवरून एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली असते. ही बाई कोण, हे आमच्या गावात अजून कुणाला कळलेलं नाही. त्या चित्रात झेरॉक्सचं दुकान नव्हतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सेल्फी पॉइंट करा. कशाला, ते विचारू नका.

हातगाड्या हटवा. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की आधी सर्वेक्षण करा, समिती नेमा, समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडून दिलेले घ्या, आणि मग कुणाला हलवायचं ते ठरवा. इतकं वाचत कोण बसतंय? जेसीबी तासावर मिळतो. गाड्या गेल्या की पेठ कशी मोकळी मोकळी दिसते. पोरंही दिसत नाहीत. कारण पोरं पेठेत जर्नल घ्यायला येतच नव्हती हो, ती वडापाव खायला यायची आणि जाता जाता जर्नल घेऊन जायची. 22 वर्षं गल्ल्यावर बसून मला एवढं एकच कळलंय, आणि ते डीपीआरच्या 140 पानांत कुठेही नाही.

‘तरुणाईचं शहर’ असा फ्लेक्स लावा आणि तरुणाई जिथे बसते तो कट्टा फोडा. मुलं-मुली एकत्र बसतात, अशी तक्रार होती म्हणे. नगर वाचनालय 5 ला बंद करा. कॉलेजही 5 लाच सुटतं.

पोरांच्या खोल्यांतल्या कॉटचं भाडं दर जूनला वाढवा, पाणी एक दिवसाआडच ठेवा.

पेठ पादचाऱ्यांसाठी करा. 11 डिसेंबर 2021 ला पुण्याने लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. त्याचे फोटो आमच्याकडे पोहोचले आणि पेठेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खुंट ठोकले गेले. (बोलार्ड म्हणायचं त्यांना. खुंट म्हटलं की गुरं आठवतात.) दोन खुंटांच्या मधून मोटरसायकल बरोब्बर जाते. अडते ती व्हीलचेअर आणि मालाची हातगाडी.

जमलं तर कॉलेजच बायपासला न्या. आमच्या संस्थेने तिकडे जागा घेतलीय, पहिल्या वर्षाचे वर्ग गेलेसुद्धा. कँटीन आतच, स्टेशनरी आतच, ठेका कुणाचा ते विचारायचं नाही. इतिहासही तुमच्याच बाजूने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर तयार करत होते. तिथल्या नगरपालिकेला त्या जागेवर उपनगर वसवायचं होतं, म्हणून त्यांना जागा सोडायला सांगितली. ते औंध संस्थानात गेले, राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावला उपनगर मिळालं. आम्हाला तर निघून जायचीही सोय नाही, सगळे माळ एनए, म्हणजे बिगरशेती, झालेत.

आता रस्ता. सल्ल्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून नीट ऐका.

माझ्या आजोबांनी दुकान बांधलं तेव्हा रस्त्यावरून 3 पायऱ्या चढून आत यावं लागायचं. वडिलांच्या वेळी 1 पायरी उरली. मी बसायला लागलो तोवर रस्ता आणि उंबरा एका पातळीला आले होते. म्हातारी माणसं खूश होती. दर निवडणुकीला डांबराचा एक थर. आधी जुना थर खरवडून काढायचा असतो म्हणे. ते निविदेत लिहिलेलं असतं, बिलातही लिहिलेलं असतं, फक्त रस्त्याला कुणी कळवलेलं नसतं. यंदा कायापालट होता, त्यामुळे डांबरावर काँक्रीट आणि काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. आता गिऱ्हाईक 2 पायऱ्या उतरून माझ्याकडे येतं. आजोबांनी दुकान बांधलं होतं, माझं तळघर झालं.

आणि मुहूर्त बघा. वर्क ऑर्डर मार्चमधली, खोदाई जूनमध्ये. जून म्हणजे दाखल्यांचा महिना. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, प्रत्येकाच्या 3-3 झेरॉक्स. आमची वर्षाची निम्मी कमाई त्या पाच आठवड्यांत होते. ते पाच आठवडे माझ्या दारात खड्डा आणि खड्ड्यावर एक फळी. एक बाप फळीच्या अर्ध्यावर आला, खाली बघितलं आणि मागे फिरला. मुलीची फाईल त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती, मूळ मार्कशीटला चिखल लागू नये म्हणून. त्याला आमच्या पेठेचं सौंदर्य दिसलं नसणार.

ब्लॉक बसवताना गटाराच्या चेंबरची झाकणंही ब्लॉकखाली गेली. दिसायला छान, सगळं एकसारखं. गेल्या मंगळवारी रात्री पाऊस झाला. सकाळी शटर वर केलं तर आत पोटरीभर पाणी. रिमा गेल्या, खालचं झेरॉक्स मशीन गेलं, बायंडिंगला आलेले शेवटच्या वर्षाच्या पोरांचे चार प्रोजेक्ट रिपोर्ट गेले. त्या पोरांना काय सांगू? तक्रार घेऊन पालिकेत गेलो. साहेबांनी मोबाईलमधले फोटो बघितले आणि म्हणाले, “तुमचं दुकान लेव्हलच्या खाली आहे ना.”

खाली आहे! 70 वर्षं एका जागी उभं आहे ते, हललेलं नाही. पुढे म्हणतात, “हल्ली जॅक लावून अख्खी इमारत उचलता येते, तुम्ही चौकशी करा.”

दुकान उचलू? तुम्ही रस्ता वर नेत राहणार आणि आम्ही खालून जॅक लावत राहणार का? कुठपर्यंत?

जबाबदार कोण ते विचारून झालंय. पालिकेच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या, प्रशासक बसला आणि 2 डिसेंबर 2025 ला एकदाचं मतदान झालं. नगरसेवक म्हणतात, डीपीआर प्रशासकाच्या काळातला. प्रशासकसाहेब बदलून गेले. ठेकेदार म्हणतो, माझंच बिल अडकलंय. सल्लागार फोन उचलत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर ती गोरी बाई तेवढी अजून हसत चालली आहे.

बास झाला उपरोध. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. रस्त्याची लेव्हल घेताना दोन्ही बाजूंचे उंबरे मोजायचे असतात, हे गवंड्याच्या हाताखालचं पोरगंही सांगेल. पावसाळ्याच्या तोंडावर पेठ खोदू नये, हे सांगायला सल्लागार लागत नाही. गिऱ्हाईक कशाने येतं ते दुकानदाराला विचारावं, हातगाडीवाल्याला विचारावं, मेसवाल्या मावशींना विचारावं. तुम्ही एकालाही विचारलं नाहीत. उद्घाटनाला मात्र आमच्याकडून वर्गणी घेतलीत, आणि स्टेज आड येतं म्हणून त्या दिवशी माझंच शटर खाली करायला लावलंत.

आणि पेठकरांनो, तुम्हीही सुटत नाही. मीही नाही. गाड्या उचलल्या तेव्हा आपण दारात उभे राहून “बरं झालं, ट्रॅफिक कमी झालं” म्हणत होतो. चित्र दाखवलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या दारात पाणी आलं तेव्हा समोरच्या सराफांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हसरी तोंडं. त्यांची अजून एक पायरी शिल्लक आहे. पुढच्या थराला जाईल.

लेव्हल बघायला येणार असाल तर सकाळी 7 ला येऊ नका. पाऊस चालू असताना या, 5 वाजता, कॉलेज सुटतं तेव्हा. आणि चेंबरचं झाकण कुठल्या ब्लॉकखाली गाडलंय हे ज्याला आठवत असेल, त्याला बरोबर आणा. पहार माझ्याकडे आहे.