दाराला आतून कडी नाही

परवा एका गावाचा विकास आराखडा वाचायला मिळाला. त्यात एक ओळ होती : "महिलांशी चर्चा करण्यात आली. महिलांच्या विशेष अडचणी आढळून आल्या नाहीत." ही ओळ वाचल्यापासून मन लागत नाहीये, म्हणून आज लांबलचक लिहितेय. वेळ काढून वाचा.

गेली काही वर्षं मी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गावांत बायकांच्या गटचर्चा घेते. शहरातले लोक फोकस ग्रुप म्हणतात, तेच हे. आठ-दहा जणी, दीड तास, एकीने विचारायचं, दुसरीने लिहून घ्यायचं. विषय ठरलेला : ग्रामपंचायतीच्या कारभारात बाईचं किती चालतं? ऐकायला सोपं वाटतं. पण बायकांना कुणी, कुठे, किती वाजता आणि कुणासमोर विचारलं, यावर उत्तर पार बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुरुवातीला मीही छापील प्रश्नावली घेऊन जायचे. पहिलाच प्रश्न : तुमच्या गावात स्त्री-पुरुष समानता आहे का? सगळ्या जणी एकमेकींकडे बघायच्या आणि कुणीतरी अहिराणीत म्हणायचं, "शे ना ताई, आते सारं सारखंच शे." आहे ना, आता सगळं सारखंच आहे. झालं, पुढे काय विचारणार? आता तो शब्दच मी काढत नाही. मी विचारते, नळाला पाणी किती वाजता येतं आणि ते भरायला कोण उठतं? ग्रामपंचायतीत शेवटच्या कधी गेला होतात? कशासाठी? तिथे कुणी बसा म्हटलं का? या शेवटच्या प्रश्नावर हमखास एक-दोन जणी हसतात, आणि मग बोलायला लागतात.

पांझरा नदीकाठच्या एका गावातलं सांगते. कापूस वेचणीचे दिवस होते. ग्रामपंचायतीने आम्हाला सकाळी अकराची वेळ दिली होती, कार्यालयात. अकरा वाजता मजुरीला जाणारी कुठली बाई गावात असते? दोघी आल्या, एक आशाताई आणि एक अंगणवाडी मदतनीस. आम्ही परत गेलो आणि बाजाराच्या दिवशी आलो, कारण त्या दिवशी त्या गावात वेचणी बंद असते. देवळाच्या सभामंडपात बसलो, तर समोरच्या पारावर आठ-दहा पुरुष येऊन बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले. तेवढ्यानेच इकडे पदर पुढे आले. मग एका मावशींनी त्यांच्या मागच्या अंगणात नेलं. शेळ्या बांधलेल्या, एका कोपऱ्यात चूल. तिथे जमलं.

तासभर पाणी, गटार, रेशन यावर बोलणं झालं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू का विचारलं तर नको म्हणाल्या, म्हणून वहीतच लिहिलं, तेही नावं न घालता. मी वही मिटायला लागले होते. तेवढ्यात शेंगा सोलत बसलेली एक बाई, जी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, मान वर न करता म्हणाली, "ताई, संडासले आतून कडी नही."

आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. गावच्या सार्वजनिक महिला शौचालयात सहा दारं. चारांच्या आतल्या कड्या तुटलेल्या, एकाला दारच नाही. बायका जोडीने जातात, एक आत आणि एक बाहेर दार धरून. जोडी मिळेपर्यंत थांबून राहायचं. दुपारी पाणी कमी प्यायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत निभतं. सातवीतल्या एका मुलीच्या आईने सांगितलं की पाळीच्या दिवसांत पोरगी मामाकडे जाते, कारण मामाच्या घरात संडास आहे. पंचायतीच्या कागदावर मात्र हे शौचालय सुस्थितीत होतं.

कडी हार्डवेअरच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांना मिळते.

मला अजूनही वाटतं, मी पाच मिनिटं आधी वही मिटली असती तर? माझ्याही अहवालात तीच ओळ गेली असती, अडचणी आढळून आल्या नाहीत.

"बायका बोलतच नाहीत" असं जे सहज म्हटलं जातं, त्यावर माझा राग आहे तो यामुळे. बायका बोलतात. विहिरीवर, शेतात, बचत गटाच्या बैठकीत, एसटीत बोलतात. त्या तुमच्या खुर्चीसमोर बोलत नाहीत. ती सोय आपण करायची असते.

एक चूक माझ्याकडूनही झाली आहे, ती सांगायलाच हवी. एका गावात मी भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, बायका आणि गावातल्या बायका एकाच गटात बसवल्या. मनात हेतू चांगला होता. गावातल्या बायका सतरंजीवर बसल्या, भिलाटीतल्या पायरीवर. मी दोनदा बोलावलं, आल्या नाहीत. दीड तासात त्यांच्यातली एकच बाई बोलली, तेही मी नाव घेऊन विचारलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी भिलाटीत गेले तेव्हा कळलं की त्यांच्या वस्तीत नळच नाही आणि पाण्यासाठी त्यांना सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकीच्याच बोअरवर जावं लागतं. तिच्यासमोर त्या काय बोलणार होत्या? सासू आणि सून यांचंही तेच. "गावातल्या महिला" असा एक गट नसतोच. वेगळं बसवणं म्हणजे भेद करणं नव्हे, हे मला त्या पायरीवरच्या बायकांनी शिकवलं.

आता कायद्याचं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतींमध्ये महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या वाढवून पन्नास टक्के केल्या. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने सगळ्या बायकांचं पॅनेल निवडून आणलं होतं. संघटनेच्या चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनातून ती उमेद आली होती. विटनेरच्याच पुरुषांनी पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावावर जमिनी केल्या. एकतृतीयांश आरक्षण नसताना, कुणी जीआर काढलेला नसताना. खानदेशच्या बायकांना राजकारण कळत नाही म्हणणाऱ्यांनी विटनेरचं नाव लक्षात ठेवावं.

आणि आज? प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली पाहिजे, हे ग्रामपंचायत कायद्यात आहे. उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च व्हायला हवा, असा शासनाचा नियमही आहे. गटचर्चेत हे 10 टक्के मी सांगते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कवयपासून?" केव्हापासून! त्यांच्या नावाचा पैसा आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी त्यातून शिलाई मशीन येतं, अंगणवाडीला खुर्च्या येतात आणि खर्च टाकला जातो. कड्या त्यात बसतात का, हे कुणी विचारत नाही.

महिला सरपंचांच्या एका गटात बसले होते. वेगवेगळ्या गावांच्या सात जणी. वित्त आयोगाचे पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), दोघांची डिजिटल सही लागते, तिचं पेनड्राइव्हसारखं डोंगल असतं. मी विचारलं, तुमचं डोंगल कुठे आहे? सातांपैकी दोघींच्या पर्समध्ये होतं. तिघींचं घरी, म्हणजे नवऱ्याकडे. एकीचं ग्रामसेवकाच्या कपाटात. आणि सातवी म्हणाली, "मी ते देखेल नही ताई. सही मी करस, बाकीनं त्या देखतस." बाकीचं 'ते', म्हणजे नवरा, बघतात. ही बाई दहावी शिकलेली आहे, बचत गटाचा पाच वर्षांचा हिशेब तिने एकटीने ठेवलाय, एका रुपयाचा घोळ नाही. तिला डोंगल चालवता येणार नाही असं म्हणायची हिंमत आहे कुणाची? सरपंचपतींचा, म्हणजे बायको सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रश्न इतका मोठा झालाय की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यासाठी समिती नेमावी लागली. माझं म्हणणं साधं आहे : शपथ घेतल्या दिवशी डोंगल तिच्या हातात द्या, पासवर्ड तिने टाकायचा, आणि पहिले तीन महिने ग्रामसेवकाने तिच्याशेजारी बसून शिकवायचं. नवऱ्याशेजारी नव्हे.

पुरुषांचे गटही घेते. ते टाळून चालत नाही. पारावरच्या एका आबांनी मला सांगितलं की चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला ग्रामसभेला चल असं एकदाही म्हटलं नाही. "नको म्हटलं असं नाही," ते म्हणाले, "मनातच आलं नाही कधी." मला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं. तरुण पोरं भाषणात समानता छान बोलतात, पण घरी पाणी कोण भरतं म्हटलं की माना खाली जातात.

आता संस्थांमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना थोडं कडक बोलते. गटचर्चा घेऊन निघून जाऊ नका. बायका तुमच्यापुढे मन मोकळं करतात, तुम्ही ते इंग्रजीत टाइप करता, आणि गावात त्याचा कागदही परत येत नाही. हजेरीच्या सह्या घेताना बायका का बिचकतात ठाऊक आहे? कारण आजवर त्यांची सही किंवा अंगठा घेतला गेला तो बहुतेक त्यांना न कळलेल्या कागदावर. म्हणून आम्ही आता जे लिहिलं ते त्याच गटात जाऊन, अहिराणीत वाचून दाखवतो. चुकलं असेल तर त्या खोडायला लावतात. मगच ते महिला सभेत जातं.

पांझरेकाठच्या त्या गावात 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली. या वेळी संध्याकाळी आठला, स्वयंपाक उरकल्यावर, शाळेच्या वर्गात. एकतीस बायका आल्या. भिंतीला टेकून बसल्या, काहींच्या मांडीवर पोरं. कड्या, एक दार आणि शौचालयाच्या वाटेवर एक दिवा, एवढाच ठराव, खर्च 10 टक्क्यांतून. सूचक ती शेंगा सोलणारी बाई. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग लिहिलं आणि वही पुढे सरकवली, शाईचा पॅड ठेवला. पहिल्या रांगेत एक आजी होत्या, सत्तरीच्या. त्यांनी हात मागे घेतला.

"पहिले वाची दखाडा," त्या म्हणाल्या, "मंग अंगठा देसू."

ग्रामसेवकांनी वही उचलली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.