हा हिरो आहे की आरोपी?

पुन्हा तोच! सहा फूट उंच, कपाळावर कायमची आठी, भूतकाळात कसलंतरी दुःख, आणि वागणं असं की नाशिकच्या गंगापूर रोडवर कुणी तसं वागलं तर चार माणसं जमून चोपतील. पण प्रेमकादंबरीत? हिरो!

तिचा फोन तपासतो, ती म्हणे काळजी. मैत्रिणींना भेटू देत नाही, ते प्रेम. दंड धरून ओढतो, अहाहा, पॅशन! 'ट्वायलाइट' कादंबरीतला व्हॅम्पायर हिरो एडवर्ड २००५ पासून नायिका बेलाच्या खोलीत रात्री गुपचूप शिरून तिला झोपलेली बघतोय. पुढच्या एका भागात तर तिनं मित्राकडे जाऊ नये म्हणून तिची गाडीच बंद पाडून ठेवतो. आणि कॉलेज रोडवर कोल्ड कॉफी ढवळत आमच्या पोरी म्हणतात, "किती प्रोटेक्टिव्ह ना!" अगं बायांनो, नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे लागणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पहिल्याच खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. व्हॅम्पायरला सूट आहे का?

आणि तो दुसरा, सरळ मुलगा? वेळेवर येतो, "चालेल ना तुला?" म्हणून विचारतो. त्याला काय मिळतं? "तू खूप चांगला मित्र आहेस." झालं, गेला बिचारा.

बरं, हिरो शेवटी सुधारतो म्हणे. कधी? चारशे पानांनी! तोवर तिनं रडायचं, समजून घ्यायचं, माफ करायचं. ही नायिका आहे की व्यसनमुक्ती केंद्र? आणि एवढं करून सुधारला रे सुधारला की दुसरा भाग हजर. कारण हा बाबा परत बिघडलेला असतो!