खुलासा : ‘बीएमआय २५ च्या आत, मग पोटाची काळजी नको’ हे खरं नाही

पुरुषाचा बीएमआय २५ च्या आत असेल तर सुटलेलं पोट निव्वळ दिसण्याचा प्रश्न, असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता. चूक माझीच.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. चरबी किती आणि कुठे, हे त्यात येतच नाही. पुरुषांमध्ये ती बहुधा पोटात, यकृत-आतड्यांभोवती साठते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी जास्त संबंध या आतल्या चरबीचा. शिवाय चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करतात.

म्हणून कंबरही मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांमध्ये ९४ सेंमीच्या वर धोका वाढतो, १०२ च्या वर बराच. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाच्या खाली नेसतो!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून ज्यांना गेला, त्यांनी हा खुलासा त्याच ग्रुपवर टाकावा.